रॉजरचे दगड आणि ती शेवटची आग

पुणे

प्रिय सुधीर,
स. न. वि. वि.

तुझे ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ वाचून झाले. पुस्तक टपालाने परत धाडतो आहे. समासात पेन्सिलीने खुणा केल्याबद्दल आधीच माफी मागून ठेवतो. मुले मोकळी सुटली की रानटी होतात, एवढे सांगायला अख्खी कादंबरी कशाला, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. युद्धकाळात विमान कोसळून निर्जन बेटावर अडकलेल्या इंग्रज शाळकरी मुलांची ही गोष्ट विल्यम गोल्डिंग यांनी १९५४ साली लिहिली, पण तीत मला रानटीपणापेक्षा उपरोध अधिक बोचला.

चौथ्या प्रकरणातला रॉजर आठव. समुद्रकाठी खेळणाऱ्या लहानग्या हेन्रीच्या दिशेने तो दगड भिरकावतो, पण नेम मुद्दाम चुकवतो. हेन्रीभोवती काही यार्डांचे एक अदृश्य रिंगण आहे आणि त्याच्या आत दगड टाकायला त्याचा हात धजत नाही. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यांपैकी कोणीही त्या बेटावर नाही, तरी त्यांचा धाक त्या दंडात शिल्लक आहे. आणि ज्या संस्कृतीने तो हात आवरून धरला, ती स्वतः तिकडे युद्धात बेचिराख झालेली आहे! पुढे हाच रॉजर तरफेने धोंडा लोटतो, चष्मेवाला पिगी मरतो, ज्याच्या हाती असेल त्यानेच बोलायचे तो सभेचा शंख फुटून जातो. ते रिंगण नेमके केव्हा पुसले गेले, हे मी दोनदा मागे जाऊन शोधले, सापडले नाही. आपण काही रानटी नव्हे, इंग्रज आहोत, तेव्हा नियम हवेतच, असे आरंभी बजावणारा जॅकच पुढे शिकाऱ्यांच्या रानटी टोळीचा म्होरक्या होतो, हे तर तुला ठाऊकच आहे.

जाता जाता एक गंमत. मुले पिगीच्या चष्म्याने ऊन एकवटून आग पेटवतात; पण पिगीला दूरचे दिसत नाही, म्हणजे त्याच्या काचा अंतर्गोल; त्यांनी ऊन एकवटत नाही, उलट पसरते. माझ्या उणे चारच्या चष्म्याखाली गच्चीत कागद धरून मी बराच वेळ बसलो. कागद तांबूससुद्धा झाला नाही, घरच्यांनी मात्र माझ्याकडे काळजीने पाहिले. लेखकाची ही चूक मी पोटात घातली, कारण त्या आगीवाचून पुढचे काहीच घडले नसते.

डोंगरावरची आग सुटकेसाठी, पाळ्या लावून राखलेली. जॅक राखणदारांना शिकारीला नेतो, ती विझते आणि नेमके तेव्हाच जहाज क्षितिजावरून निघून जाते. शेवटी मुलांनीच निवडलेला पुढारी राल्फ याला झुडपांतून हुसकून मारण्यासाठी तीच टोळी रान पेटवते, आणि त्या धुरामुळे युद्धनौका येते.

उतरलेला अधिकारी पांढऱ्या गणवेशात, कमरेला रिव्हॉल्व्हर. ब्रिटिश मुलांकडून याहून बऱ्या वर्तनाची अपेक्षा होती, अशी खंत तो करतो आणि ‘द कोरल आयलंड’चे नाव काढतो. बॅलंटाइन यांच्या १८५७ सालच्या त्या पुस्तकात बेटावरची मुले शेवटपर्यंत सभ्य राहतात. राल्फ आणि जॅक ही नावेही तिथलीच. दुसऱ्या महायुद्धात गोल्डिंग स्वतः ब्रिटिश नौदलात होते, त्यामुळे तो गणवेश त्यांच्या अंगावरचाच म्हणायचा.

राल्फ ओक्साबोक्शी रडू लागतो, तेव्हा हा गृहस्थ संकोचून तोंड फिरवतो आणि दूरच्या आपल्या नीटनेटक्या युद्धनौकेकडे पाहत राहतो. त्या ओळीखाली पेन्सिल जरा जोरात दाबली गेली आहे. तेवढी खूण खोडू नकोस.

तुझा,
अनंत