धरणावरची होडी गावातच घडू शकते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गंगापूर, दारणा, मुकणे, करंजवण, गिरणा अशी लहानमोठी धरणे नाशिक जिल्ह्यात आहेत आणि त्यांच्या फुगवट्यावर अनेक भोई, कोळी व आदिवासी कुटुंबांची चूल पेटते. यांतले बरेच मासेमार आजही ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर किंवा प्लॅस्टिकच्या कापडात बांधलेल्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकायला जातात. पाय पाण्यात, एका हातात वल्हे आणि दुसऱ्या हाताने जाळे सोडणे चालू, अशा वेळी दुपारचा वारा सुटला किंवा पाण्याखाली गेलेल्या बाभळीचा काटा ट्यूबमध्ये घुसला, तर माणसाला सावरायला काहीही उरत नाही. थर्माकोल उन्हाने ठिसूळ होतो आणि त्याचे कण पाण्यात जातात; गंगापूर धरणाचे पाणी तर नाशिक शहर पिते. थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर राज्य सरकारने २०१८ साली बंदी घातली, पण धरणावर माणसाचा जीव अजून त्याच वस्तूवर तरंगतो आहे.

या मासेमारांना लहान लाकडी होडी हवी आहे आणि ती गावातला सुतार मासेमाराच्या अंगणात बांधू शकतो, हे मला या पत्रातून मांडायचे आहे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामासाठी लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा घेण्याचे नमुने, बनवण्यात माझी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर घरी होड्याही बांधल्या, म्हणून हे खात्रीने लिहितो.

होडी म्हटले की आपल्याकडे कोकणातली होडी डोळ्यांसमोर येते. भक्कम कणा, त्यावर बसवलेले वाक म्हणजे होडीच्या बरगड्या, बाहेरून जाड फळ्या, आणि फळ्यांच्या सांध्यांत तेल-राळेत भिजवून ठासलेला कापूस. ही विद्या मोठी आहे आणि तिच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु ती सतत पाण्यात राहणाऱ्या होडीची विद्या आहे. फळ्या पाण्याने फुगतात आणि सांधे मिटतात, यावरच त्या होडीचा पाणबंदपणा उभा असतो. आपल्या धरणांचे पाणी मार्चपासून झपाट्याने खाली जाते, होडी काठावर उघडी पडते आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात फळ्या आकसून सांध्यांना फटी पडतात. पाऊस सुरू झाल्यावर तीच होडी पाण्यात ढकलली, तर लाकूड पुन्हा फुगेपर्यंत ती गळत राहते. म्हणून आपल्या भागासाठी प्लायवूडची, सांधे इपॉक्सीने (राळ आणि हार्डनर हे दोन द्रव कालवून होणाऱ्या पक्क्या गोंदाने) जोडलेली होडी अधिक योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

तिची रीत सोपी आहे. तळासाठी ९ मिलिमीटर जाडीचे दोन आणि बाजूंसाठी ६ मिलिमीटरचे दोन, असे ८ बाय ४ फुटांचे चार ताव, आणि आतल्या आडव्या पडद्यांसाठी, म्हणजे होडीला आडव्या बसणाऱ्या आतल्या भिंतींसाठी, आणखी एक ताव, एवढ्यात १४ फुटांची होडी होते. ताव आठच फुटांचा असल्याने दोन ताव लांबीला जोडावे लागतात आणि सगळी कसोटी या सांध्यातच आहे. दोन्ही तावांच्या कडा जाडीच्या आठपट उतार देऊन रंध्याने तासायच्या, म्हणजे ६ मिलिमीटरच्या तावाला ४८ मिलिमीटरचा उतार येतो. प्लायवूडचे थर एकाआड एक गडद आणि फिक्या रंगाचे असतात. उतार बरोबर आला की त्या थरांच्या पट्ट्या काठापासून काठापर्यंत सरळ आणि समांतर दिसू लागतात. एखादी पट्टी वाकडी दिसली, तर तिथे रंधा कमी किंवा जास्त लागला आहे हे डोळ्यांनाच कळते, मोजपट्टी लावायची गरज राहत नाही. असा सांधा नीट चिकटला की वाकवल्यावर तो अखंड तावासारखाच वळतो.

पुढचे काम तांब्याच्या तारेचे. तळाच्या आणि बाजूंच्या कडांना वीत-वीत अंतरावर बारीक छिद्रे पाडून तारेचे टाके घालायचे आणि पिळून कडा जवळ आणायच्या. दोन्ही बाजूंचे लांब ताव मधल्या पडद्याभोवती वळवून पुढची टोके नाळेशी, म्हणजे होडीच्या टोकाच्या उभ्या लाकडाशी, मिळवताना दोरीचा फास टाकून त्यात काठी घालावी आणि तिला हळूहळू पीळ द्यावा. प्लायवूड करकरते, पण घाई न केल्यास तडकत नाही, आणि दोन्ही टोके एकत्र येताच होडीचा आकार आपोआप उभा राहतो. मग आतल्या कोपऱ्यांत इपॉक्सीत लाकडाचा अगदी बारीक भुसा कालवून त्याची गोलसर भर द्यायची आणि त्यावर काचतंतूची पट्टी इपॉक्सीत भिजवून बसवायची. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात याच पद्धतीने हौशी लोकांनी घराघरांत होड्या बांधल्या.

नाशिकच्या उन्हाळ्यात इपॉक्सीचे काम पहाटे करावे. तापमान १० अंशांनी वाढले की मिश्रण घट्ट होण्याचा वेळ साधारण निम्मा होतो आणि खोल डब्यात कालवलेले मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने वाफाळते, म्हणून ते पसरट थाळीत थोडे थोडे कालवावे. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवणे पूर्ण चुकीचे आहे. ठरलेले प्रमाण बिघडले की सांधा कायमचा कच्चा राहतो. हातमोजे आणि मास्क हवेतच.

ही होडी किती भार पेलेल, याचा हिशेब शाळेत शिकलेल्या आर्किमिडीजच्या तत्त्वानेच करता येतो. १४ फूट लांब आणि मध्यभागी साडेतीन फूट रुंद तळाच्या होडीचे पाण्याला टेकणारे क्षेत्र टोकांचा निमुळतेपणा वजा जाता सुमारे ३ चौरस मीटर भरते. म्हणजे ती १ सेंटिमीटर बुडाली की साधारण ३० किलो वजन पेलते. होडी ७५ किलो, दोन माणसे १३० किलो, जाळी आणि मासळी ५० किलो, असे २५५ किलो धरले तरी ती साडेआठ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीतसुद्धा बुडत नाही. तळ सपाट असल्याने उभे राहून पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, फेकताना ती डगमगत नाही. पुढच्या आणि मागच्या पडद्याआड बंद कप्पे करून ते तरंगत्या वस्तूने भरावेत. होडीत पाणी भरले तरी ती बुडत नाही आणि धरून राहायला आधार मिळतो. थर्माकोलची खरी जागा त्या बंद कप्प्यात आहे.

प्लायवूड मात्र मरीन ग्रेडचे, आयएस ७१० या भारतीय मानकाचे हवे. या प्रतीच्या प्लायवूडला ७२ तास उकळत्या पाण्याची परीक्षा असते. बाजारात नुसता शिक्का मारलेला मालही मिळतो, म्हणून कापलेला एक तुकडा घरी पातेल्यात काही तास उकळून पाहावा. थर सुटले तर तो ताव होडीला लावू नये. काठाच्या पट्ट्या, नाळ आणि बाक यांसाठी सागवान हवे, आणि या बाबतीत नाशिकसारखे सोयीचे शहर दुसरे नसेल. जुन्या नाशकातले आणि पंचवटीतले वाडे पाडले जातात तेव्हा त्यांचे सागवान जुन्या लाकडाच्या वखारींत येते. कित्येक दशके वाळलेले, सरळ धाग्याचे ते लाकूड नव्या सागापेक्षा कमी वाकते, कमी तडकते. शेतातला साग किंवा आंबा तोडायचा असेल, तर १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते, हे ध्यानात ठेवावे. औद्योगिक वसाहतीत यंत्रांच्या खोक्यांतून येणारे पाइनवूड बसायच्या फळीला चालेल, तळाला कधीही लावू नये.

समुद्रात होडी पोखरणाऱ्या किड्याचा उपद्रव धरणाच्या गोड्या पाण्यात नाही. इथला शत्रू कुजणे हा आहे, आणि ते बहुधा होडीत साचलेल्या पावसाच्या पाण्याने आतूनच सुरू होते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. म्हणून काम नसताना होडी दोन ओंडक्यांवर पालथी ठेवावी, खालून वारा खेळता राहावा. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, तेव्हा त्यावर ऑइल पेंटचे हात दिलेच पाहिजेत.

सायखेडा-चांदोरी परिसराने २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीचा पूर सोसला. वाहत्या पुराच्या धारेत अशी वल्ह्याची होडी मुळीच घालू नये. पण गल्लीत आणि मळ्यात साचून राहिलेल्या संथ पाण्यातून म्हातारी माणसे, औषधे, दूध पोहोचवायला ती गावातच तयार असणे फार मोलाचे आहे. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आणि रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असल्याने तिथे वन विभागाचे नियम पाळावे लागतील, हे वेगळे सांगायला नको.

मत्स्यव्यवसाय विभागाने अशा होडीचा एक तपासलेला आराखडा मराठीत, मिलिमीटरमधल्या मापांसह छापून मच्छीमार सहकारी संस्थांना द्यावा, अशी माझी विनंती आहे. जिल्ह्यातल्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या सुतारकाम शाखेने दरवर्षी निदान एक होडी विद्यार्थ्यांकडून बांधून घ्यावी. तिरपा सांधा, वक्र रेषा आणि पाणबंद काम यांचे एवढे चांगले शिक्षण टेबल-खुर्चीतून मिळत नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात बिनयंत्राच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर करण्याची तरतूद आहे. ती नोंद, जलसंपदा विभागाची परवानगी आणि मच्छीमार संस्थेचा दाखला ही कामे तालुक्याच्या ठिकाणी एकाच दिवशी व्हावीत, आणि नोंद करतानाच होडीतल्या माणसांच्या संख्येइतकी लाइफ जॅकेट अनुदानातून मिळावीत. धरणांचे पाणी खाली गेले की मासेमारांना आणि सुतारांना सवड असते. आराखडा जानेवारीपर्यंत हातात आला, तर पुढच्या पावसाळ्याआधी पहिल्या होड्या तयार होतील.

आपला,
एक निवृत्त पॅटर्नमेकर,
सातपूर, नाशिक