मुसोलिनीचे नौदल भित्रे नव्हते
महोदय,

दुसऱ्या महायुद्धातील इटालियन नौदलाच्या अपयशाचे खापर आजही खलाशांच्या भित्रेपणावर फोडले जाते. हा त्यांच्यावर घोर अन्याय आहे. भूमध्य समुद्राची दोन दारे, जिब्राल्टर आणि सुएझ, इंग्रजांच्या हाती असल्याने इटली त्या समुद्रात कैद आहे, असे मुसोलिनी म्हणे. ती कैद फोडायला निघालेल्या या हुकूमशहाने १० जून १९४० रोजी युद्ध पुकारले, तेव्हा देशाची सुमारे एक तृतीयांश व्यापारी जहाजे भूमध्याबाहेर होती. ती तिकडेच अडकली. इटलीच्या ताब्यातील लिबियाला रसद पोहोचवायची कशी, हा विचारच झाला नव्हता.

३८१ मिलिमीटर तोफांच्या नव्या युद्धनौका होत्या. विमानवाहू नौका मात्र एकही नाही. १९२३ पासून विमाने स्वतंत्र हवाई दलाकडे, त्यामुळे नौदलाला हवे तेव्हा विमान मिळेना. इटलीतल्या तारांतो या नौदलाच्या बंदराला टॉर्पेडो (पाण्याखालून जाऊन जहाज फोडणारे अस्त्र) अडवणारी १२,८०० मीटर जाळी हवी होती, पाण्यात होती ४,२००. तीही तळापर्यंत पोहोचत नव्हती. ११ नोव्हेंबर १९४० च्या रात्री २१ ब्रिटिश विमानांपैकी काहींनी सोडलेले टॉर्पेडो तीन युद्धनौकांना लागले.

ग्रीसजवळच्या मातापानच्या लढाईची कथा तर मन विषण्ण करते. मार्च १९४१ मध्ये निकामी झालेल्या ‘पोला’ या इटालियन क्रूझरच्या (मध्यम आकाराच्या युद्धनौकेच्या) मदतीला ‘झारा’ आणि ‘फ्युमे’ या क्रूझर अंधारात परतल्या. रडार नाही, रात्री मोठ्या तोफा डागण्याची तयारी नाही. तोफांची तोंडे सरळ पुढे-मागेच राहिली होती. ब्रिटिशांनी जेमतेम साडेतीन किलोमीटरवरून मारा केला. त्या रात्री सुमारे २,३०० इटालियन माणसे गेली. त्यांना भित्रे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

– एक वाचक