ढीग नको, आधी खड्डा बघा

स्विंडन, इंग्लंड
मे अखेर

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. नमस्कार.

फोनवर आपलं बोलणं होतंच, पण काकांचा विषय निघाला की तुम्ही दोघं एकदम बोलायला लागता, मध्येच दादाची पोरं फोन ओढतात आणि मला काय सांगायचं होतं ते राहूनच जातं, म्हणून लिहून पाठवतोय. दादाला प्रिंट काढून द्यायला सांगा. मोबाईलवर वाचत बसाल आणि डोळे दुखले म्हणून मलाच ऐकवाल.

तर गावच्या माळावरचा तो उंचवटा, काका सपाट करून पार्किंग करणार म्हणतात तो. काकांचं म्हणणं मला पूर्ण कळलंय, शिगम्याला आणि जत्रेला गाड्या लावायला जागा नाही, लोक सरळ शेतात गाड्या घालतात, जेसीबीवाला ओळखीचा आहे आणि अर्ध्या दिवसाचं काम आहे. पार्किंग हवंच, त्याला माझा विरोध नाही. पण त्या ढिगावरून गावात जी तीन मतं आहेत ना, कोण म्हणतो गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध उठलेल्या राणे सरदारांच्या बंडातला लढाईचा मोर्चा आहे, कोण म्हणतो सातेरी देवीची रोयण म्हणजे वारूळ होतं ते वाढत गेलं, आणि कोण म्हणतो काही नाही हो, पोर्तुगीज टायमाला खाणवाल्यांनी टाकलेली माती, त्यातलं खरं काय हे न बघताच सपाट करायचं हे पटत नाही. बरं, बघायला काही लाखभर खर्च नाही. तेच सांगतो, पण आधी इथलं थोडं ऐका.

इथून गाडीने तासाभराच्या आत मिंचिनहॅम्प्टन म्हणून एक गाव आहे. माझ्याबरोबर वेअरहाऊसला म्हापशाचा एक जण आहे, त्याच्याकडे गाडी, सुट्टी जुळली की आम्ही तिकडे जातो. गावाला लागून डोंगरमाथ्यावर मोठा सपाट माळ आहे, सगळा गवताचा, गावाचा सामाईक. गावातल्या हक्कदार लोकांची गुरं मे महिन्याच्या मध्यावर तिथे सोडतात, कुंपण नाही काही नाही, गाई रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ करतात आणि गाडीवाले गप्प थांबतात, हॉर्नसुद्धा मारत नाहीत. आई, तुला हे बघून बरं वाटलं असतं. १८८९ पासून त्याच माळावर गोल्फ पण खेळतात, गाईंच्या मधून. १९१३ पासून माळ नॅशनल ट्रस्ट या जुन्या जागा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, म्हणजे आता कोणी प्लॉट पाडू शकत नाही.

त्याच्या आधी हा माळ जहागिरीचा. फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन लोकांच्या विल्यम राजाने ही जहागीर फ्रान्समधल्या कां गावच्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठाला दिली होती, १०८६ च्या सरकारी नोंदीत ती त्यांच्याच नावावर आहे. मग हात बदलत बदलत १८१४ च्या सुमाराला ती कोणाकडे आली माहितीय? डेव्हिड रिकार्डोकडे. दादा कॉमर्सला होता त्याला विचारा, इंग्लंडने कापड करावं आणि पोर्तुगालने दारू करावी, दोघांचा फायदा, हे उदाहरण देणारा तोच. त्याचे पूर्वज पोर्तुगालहून आलेले ज्यू. तुमच्या पोर्तुगीज अमलातल्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज पासपोर्ट काढून मी इथे येऊन बॉक्स उचलतोय ते त्याच्या हिशोबात कुठे बसतं देव जाणे.

असो. या माळावर ठिकठिकाणी मातीचे उंचवटे आहेत. काही लांब, काही गोल, काही नुसतेच ओबडधोबड, आणि मध्ये मध्ये खड्डे. आम्ही एका उंचवट्यावर डबा खात बसलो होतो तर एक म्हातारी बाई कुत्रा घेऊन आली, म्हणाली कशावर बसलाय माहितीय का. मग तासभर तिने आम्हाला सगळा माळ फिरवला. गावचा इतिहास बघणाऱ्यांपैकी असावी, शाळेतल्या बाईंसारखे प्रश्न विचारत होती. आणि प्रत्येक ढिगापाशी तिचा प्रश्न एकच, माती कुठून आणली? वर बघू नका, खाली बघा. माती आभाळातून पडत नाही, ढीग आहे म्हणजे कुठेतरी खड्डा आहे, आणि खड्डा कसा आहे, किती जवळ आहे, त्यावरून ढीग कोणी कशाला केला ते बरंच कळतं.

आम्ही बसलो होतो ते थडगं निघालं. पाच हजार वर्षांपेक्षा जुनं, लांबट, शेती नुकतीच शिकलेल्या लोकांनी बांधलेलं. अशा थडग्यांच्या दोन लांब बाजूंना चर असतात, त्या चरातलाच दगड-माती मध्ये रचलेली असते, दोन्ही टोकं मोकळी. गंमत म्हणजे गावात त्याची ओळख थडगं म्हणून नाहीच. १७४३ मध्ये जॉर्ज व्हाइटफील्ड नावाच्या मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या प्रवचनकाराने त्यावर उभं राहून माळावर जमलेल्या लोकांना प्रवचन दिलं, तेव्हापासून त्याला व्हाइटफील्डचंच नाव. पाच हजार वर्षं कोण आत झोपलं होतं त्याला काही किंमत नाही, एक दिवस जो वर उभा राहिला त्याचं नाव लागलं. आपल्याकडे पण असंच चालतं म्हणा.

मग दुसरे ढीग, बुटके, आयताकृती, वरून सपाट. इथे त्यांना उशीच म्हणतात, आणि दिसतात पण तशाच, कोणीतरी माळावर उशी टाकून उठून गेल्यासारख्या. इंग्लंडभर असे ढीग आहेत आणि यांच्यावरून पूर्वी बरेच वाद झाले, कोणी थडगी म्हणायचे, कोणी लष्करी काहीतरी म्हणायचे. थडगं समजून लोकांनी कित्येक उकरले तर आत हाडूक नाही, भांडं नाही. चर मात्र चारी बाजूंनी, सगळीकडून सारखा. पाणी साचू नये म्हणून. पाण्याला एवढं घाबरायचं कारण काय, तर ही सशांची घरं! बाबा, खरंच सांगतोय. इंग्लंडात आत्ताचे ससे मुळात नव्हतेच, रोमन लोकांच्या वेळचं एखादं हाडूक सापडलंय, पण पाळायला आणले ते नॉर्मन लोकांनी, बाराव्या शतकाच्या आसपास. मांस महाग आणि कातडी त्याहून महाग, जहागीरदाराशिवाय कोणाला ठेवायची परवानगी नाही. आणि त्या सशांना इथली थंड चिकट जमीन उकरायला जमेना, म्हणून माणसांनी भुसभुशीत मातीचे ढीग करून दिले, कधी कधी तर आत दगड लावून बिळं पण तयार करून दिली, वर राखणीला माणूस ठेवला. आपल्याकडे आयत्या बिळावर नागोबा, इथे ससोबा. म्हापसेकर तर हसून लोळायचा बाकी राहिला होता, पण बाईच्या समोर आम्ही गंभीर तोंड करून उभे.

तिसरं म्हणजे एक लांबच लांब बांध, त्याला लागून खडकात खोदलेला खंदक. १९३७ मध्ये एल्सी क्लिफर्ड नावाच्या बाईंनी तिथे खोदून बघितलं, रोमन येण्याच्या सुमाराचं काम असावं असं दिसलं. रोमनांशी लढलेल्या कॅराटॅकसचं नाव पण लोक त्याला जोडतात. लढाईचा बांध म्हटला की खंदक एकाच बाजूला हवा, शत्रू येणार त्या बाजूला, पण इथे कुठली बाजू आतली आणि कुठली बाहेरची यावरच वाद झालेत. ती बाई म्हणाली मी जन्मभर इथे राहते, मला अजून ठरवता आलेलं नाही. मला तिचं हे बोलणं सगळ्यात आवडलं.

बाकीचे जे ओबडधोबड उंचवटे ते कशाचे, तर काहीच नाही, दगडखाणीचा कचरा. अख्खा माळ चुनखडकाचा, गावातली घरं त्याच दगडाची, लोकांनी लागेल तसा दगड काढला आणि निरुपयोगी तुकडे बाजूला टाकले, वर गवत आलं. खड्डा शेजारीच, वेडावाकडा, ढीग पण वेडावाकडा.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली ती काकांना मुद्दाम सांगा. सफोकमध्ये सटन हू म्हणून जागा आहे, तिथेही असेच उंचवटे होते. १९३९ मध्ये एकात २७ मीटर लांब जहाजाचा ठसा आणि आत राजाच्या तोलामोलाचा सोन्याचा ऐवज सापडला, आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याच ढिगात तीन-चारशे वर्षांपूर्वी चोरांनी खोदलं होतं. पण एक बाजू आधीच कापली गेलेली, त्यामुळे ढिगाचा मध्य सरकला होता, चोरांनी दिसला तो मध्य धरून खणलं आणि ऐवज राहिला बाजूला. नंतर महायुद्धात त्याच माळावर जर्मन ग्लायडर उतरू नयेत म्हणून चर मारले. म्हणजे पुढच्या माणसाने त्या चरांवरून पण डोकं खाजवायचं. आपल्या ढिगात सोनं आहे असं मी म्हणत नाही हां, काकांना तेवढंच ऐकू जाईल आणि रात्री बॅटरी घेऊन जातील.

आता आपला ढीग. तिन्ही मतांना बाईचा प्रश्न लावून बघा.

राण्यांचा मोर्चा असेल तर खंदक एका बाजूला पाहिजे, आणि तो वाटेकडच्या बाजूला पाहिजे जिथून पोर्तुगीजांची फौज येणार. दिपाजी राण्यांचं बंड १८५२ चं, म्हणजे पावणेदोनशे वर्षंच झाली, खंदक बुजला तरी पावसाळ्यानंतर तिथे गवत जास्त हिरवं आणि उंच दिसतं. मला तरी वाटेच्या बाजूला कधी काही दिसल्याचं आठवत नाही, तुम्ही लहानपणापासून बघताय, तुम्ही सांगा. नाणूस वगैरे किल्ल्याकडचं समजू शकतो, आपल्या माळावर मोर्चा लावून राणे काय राखणार होते, काजू?

रोयण म्हणाल तर आई लगेच हात जोडेल, आणि जोडावेच, सातेरीची देवळं आपल्याकडे वारुळावरच उभी आहेत, गाभाऱ्यात मूर्तीच्या आधीपासून वारूळ आहे. पण वाळवी खालून बारीक मातीचे कण वर आणते, दगड नाही आणत. त्या ढिगात तर जांभ्याचे चांगले मुठीएवढे तुकडे आहेत, लहानपणी आम्ही तेच एकमेकांना मारायचो, दादाच्या कपाळावर खूण आहे बघा. वर कोपऱ्यात जे वारूळ आहे ते खरं वारूळ आहे, पण ते ढिगावर आलंय, ढीग त्याने केलेला नाही. तेवढ्या कोपऱ्याला काहीही झालं तरी हात लावू देऊ नका.

राहिली खाण. पिसुर्ल्याकडच्या खाणींनी डोंगराएवढे डंप घातले हे खरंच आहे, पण ती माती ट्रकने एवढ्या लांब आणून देवळापाशी कोण कशाला टाकेल? डिझेल काय फुकट होतं? आणि डंपचा रंग वेगळा असतो, लोखंडाची ती काळपट चमक लगेच कळते.

म्हणून माझं आपलं चौथं मत. माळाच्या मागे ती कोंड आहे ना, जिथे आम्हाला पोहायला तुम्ही बंदी केली होती, ती कोंड नाहीच मुळी. तिच्या कडा सरळ आहेत, कापल्यासारख्या, एका बाजूला तर पायऱ्यांसारखे टप्पे आहेत. ती जुनी चिरेखण असणार, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायची खाण. देवळाचे आणि जुन्या घरांचे चिरे कुठून आले याचा गावात कधी कोणी विचारच केला नाही, आणि चिरा काढताना जो चुरा आणि मोडके तुकडे निघतात ते कुठे टाकले असतील, शेजारीच की. खड्डा शेजारी, ढीग शेजारी, दोन्ही वेडेवाकडे.

हे खरं की खोटं ते तुम्हाला अर्ध्या तासात बघता येईल. नळाच्या पाइपलाइनसाठी ढिगाची एक कड कापली होती, ती अजून उघडीच असेल. दादाला घेऊन जा आणि त्या कापलेल्या कडेचा व्हिडिओ काढा, वरपासून खालपर्यंत, सावकाश, शेजारी छत्री नाहीतर काठी उभी करून म्हणजे मापाचा अंदाज येईल. खाली एक गडद मातीचा पट्टा दिसला तर ती जुनी जमीन, त्याच्यावरचं सगळं माणसाने टाकलेलं. मग कोंडीतलं पाणी आत्ता कमी असेल तोवर तिच्या भिंतीवर कुदळीच्या उभ्या खुणा आहेत का बघा. दगडाची भिंत, खापर, कोळसा असं काही दिसलं तर मात्र हात लावू नका, फोटो पणजीला पुरातत्त्व खात्यात पाठवू, ते माझं मी करतो ईमेलने.

आणि काहीही निघालं तरी आत्ता पावसाच्या तोंडावर जेसीबी नको. ही सैल माती सपाट केली की पहिल्याच मोठ्या पावसात सगळी खाली उतरणार, खाली कोणाचं सुपारीचं कुळागर आहे ते काकांना चांगलं माहीत आहे, गेल्या भांडणाला अजून वर्ष पण झालं नाही. गणपतीची चवथ होऊ दे, मग बघा म्हणावं.

चिऱ्यांचाच चुरा निघाला तर काकांना खुशाल सांगा, ढीग देवळाचाच आहे, देवळाच्या पार्किंगला लागला तर देवाला चालेल. फक्त हे मी सुचवलं असं सांगू नका. इंग्लंडला जाऊन शहाणा झालाय म्हणतील आणि मुद्दाम उद्याच मशीन बोलावतील. तुमचंच मत म्हणून सांगा, तुम्ही थोरले आहात.

बाकी इथे ठीक. या महिन्यात नाईट कमी आहेत. आई, कोकमं पोचली, फुटी नाही पोचल्या, पाकीट फाटलं होतं. दादाला म्हणावं व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर टाकताना एचडी करून टाक, मागच्या वेळी नुसता लाल रंग दिसत होता.

तुमचा,
बाळू