बक्षीसपत्रातली सांभाळाची अट

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

निपाणीचं घर दादाच्या नावावर करायला माझी ना नाही. पण बाँड रायटरच्या (दस्त लिहिणाऱ्याच्या) मसुद्यात ‘प्रीती-विश्वासाने बक्षीस दिले’ एवढंच आहे, त्यावर सही करू नका. नोंदलेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 एक वाट ठेवतं, पण तुमच्या गरजा भागवण्याच्या अटीवर दिलं असेल तरच. मुलांना प्रेमाने दिलं म्हणजे ही अट आपोआप आली असं धरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये सांगितलंय. जानेवारी 2025 मध्ये एका आईला घर परत मिळालं, पण तिथे सांभाळाचा उल्लेख कागदावर होता.

बाबा, तुम्ही ‘पोटगी’ लिहायचं म्हणता. त्यातून नुसते पैसे समजतात. कन्नडमधल्या ‘जीवनांश’चंही तेच. कायद्याच्या मराठी नावात ‘चरितार्थ’ आहे, कन्नडमध्ये ‘पोषणे’, आणि व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार हे सगळं येतं. ‘देखभाल’ एकटा नकोच. उद्या कुणी म्हणेल, कौलं बदलली, घरपट्टी भरली, झाली की देखभाल! म्हणून शब्दावर न थांबता गोष्टी लिहा: खालच्या दोन खोल्यांत हयातभर राहण्याचा हक्क, जेवणखाण, दवाखान्याचा पूर्ण खर्च, दरमहा ठरलेली रक्कम आणि ती जमा करायची तारीख. हे पाळलं नाही तर बक्षीस रद्द, हे वाक्य वेगळं हवं. अट मान्य असल्याची दादाची सही त्याच दस्तात घ्या. दवाखान्याचं वेगळं लिहायचं, कारण या कायद्याखाली महिन्याला जास्तीत जास्त 10,000 रुपयेच मंजूर होतात. एका ऑपरेशनला ते कुठे पुरणार?

आता आईचं. सिटी सर्व्हेच्या (सीटीएस) उताऱ्यावर नाव एकट्या बाबांचं. कलम 23 खाली दस्त रद्द करून मागण्याचा हक्क देणाऱ्याचा, म्हणजे बाबांचाच. बाबांच्या मागे आई नुसती घरात राहणारी उरेल. तिचा राहण्याचा हक्क तिच्या नावानिशी लिहिला तर थोडा आधार, पण मला तो अपुरा वाटतो.

म्हणून माझं मत मृत्युपत्राचं. आधी आईला हयातभर, मग दादाला. दोन साक्षीदार पुरतात, ते दादा-वहिनी नकोत. नोंदणी सक्तीची नाही, तरी सब-रजिस्ट्रारकडे करून ठेवा. ते कधीही बदलता येतं, आणि तोवर घर बाबांचंच. दादाला घरावर कर्ज काढायचंय म्हणून घाई असेल, तर ते आधी त्याला सरळ विचारा. तसं असेल तर बक्षीसपत्र मुळीच नको, कारण बँकेचा बोजा चढल्यावर अट असूनही सोडवणं किचकट होतं.

चरितार्थाची वेळ आलीच, तर अर्ज चिकोडीला प्रांताधिकाऱ्यांकडे द्यायचा. जबाबदार मुलांत लेकी येतात, म्हणून त्यात माझंही नाव घाला.

दस्त कन्नडमध्ये टाईप होईल. सहीआधी कुणाकडून तरी ओळीनओळ मराठीत वाचून घ्या, आणि फोटो मला पाठवा. मंगळवारची तारीख घेतली असेल तर पुढे ढकला.

तुमची,
लेक