एका दुपारच्या तपासणीत न दिसणारे अपंगत्व

मा. संपादक,
स. न.

स्वयंप्रतिकार आजारांच्या रुग्णांना अपंगत्वाचे लाभ मिळवताना जी अडचण येते, तिच्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ल्युपस, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस यांसारख्या आजारांत रोगप्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते. आजार कधी उसळतो, तर कधी आठवडेच्या आठवडे दबलेला राहतो. अपंगत्व ठरवणारी तपासणी मात्र एकाच दिवशी होते.

मला नऊ वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटे मिटत नाहीत. नळ मनगटाने ढकलून उघडावा लागतो, कपड्यांची बटणे मुलगी लावून देते. माझी तपासणी दुपारी झाली. तोवर सांधे बरेच मोकळे झाले होते, त्यामुळे मूठ वळायला सांगितल्यावर ती वळली आणि ‘हालचाल समाधानकारक’ असा शेरा कागदावर पडला. तो शेरा खोटा नव्हता. पण सकाळी तीच मूठ वळत नव्हती, हे विचारलेच गेले नाही.

वेळेवर औषधे सुरू झाल्याने माझी बोटे वाकडी झाली नाहीत. उपचारांचे हे यशच अर्ज नाकारण्याचे कारण व्हावे, याचे मला फार वाईट वाटते. शिवाय या आजारातला थकवा एक्स-रेमध्ये दिसत नाही, आणि रक्ततपासणीतले सूज दाखवणारे आकडे आटोक्यात असतानाही तो माणसाला अंथरुणाला खिळवू शकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली स्वीकारलेले वर्गीकरण अपंगत्वाकडे केवळ अवयवातील दोष म्हणून पाहत नाही; माणसाला प्रत्यक्षात काय करता येते आणि भोवतालची परिस्थिती त्याला किती अडवते, हेही ते विचारात घेते. म्हणून तपासणाऱ्यांनी किमान सहा महिन्यांच्या उपचारांच्या नोंदी, नेहमीच्या डॉक्टरांचा सविस्तर अभिप्राय आणि घरच्यांचे म्हणणे पाहिल्याशिवाय निर्णय देऊ नये. अर्जदारांनीही ‘खूप दुखते’ एवढेच न लिहिता आजार कोणत्या तारखेला उसळला, किती दिवस टिकला, त्या दिवसांत कोणती कामे अडली आणि ती कोणी केली, याची रोजची नोंद ठेवावी. माझ्या पहिल्या अर्जासोबत अशी नोंद नव्हती. फेरतपासणीसाठी मी आता ती वही जोडली आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक