पहिलं बाळंतपण माहेरी नाही

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई "बरं" म्हणते आणि कुकर लावायला उठते, म्हणून लिहितेय. मी वडोदऱ्याला येत नाहीये. बाळंतपण इथेच नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला. आणि जानेवारीत तुम्हीही येऊ नका, एप्रिलमध्ये या. माझं आणि मिहीरचं ठरलंय, इथे नोंदणीसाठी नावंसुद्धा घालून झालीत.

आई, पत्र संपेपर्यंत उठायचं नाही.

बाबांची अँजिओप्लास्टी होऊन चार महिने झालेत. तुझा एक गुडघा नवा आहे, दुसरा रांगेत आहे. इथला जिना म्हणजे आपल्या दांडियाबाजारच्या घरातली माळ्याची शिडीच. पाऊल आडवं टाकून चढावं लागतं. जानेवारीत सकाळचे साडेआठ वाजले तरी उजाडत नाही. तू येशील, पाचला उठशील, अंधारात पाणी तापवायला जाशील. मग मी बाळाकडे बघू की तुझ्याकडे? तू नको आहेस असं नाही गं. तू हवी आहेस, पण धडधाकट.

आता तुझा खरा प्रश्न: "अगं, पण करणार कोण?" इथे सरळ बाळंतपण डॉक्टर नाही, सुईण करते. सुईण म्हटल्यावर पणजीच्या गोष्टीतली बाई डोळ्यांपुढे आणू नकोस, ही चार वर्षं कॉलेजात शिकलेली असते. काही अडलं तरच डॉक्टर. पुष्कळ बायका घरीच बाळंत होतात, मी दवाखान्यातच होणार, घाबरू नका. पण सगळं ठीक असलं तर काही तासांत घरी पाठवतात. हे ऐकून मीही आधी चिडले होते.

घरी आल्यावर मात्र एक बाई येते. या सोयीला क्रामझोर्ख म्हणतात (शेवटचा ख बाबांच्या सकाळच्या खाकरण्यासारखा). आठ ते दहा दिवस, सगळे मिळून कमीत कमी 24 तास, सहसा 49, जास्तीत जास्त 80. बाळाचं वजन, ताप, कावीळ बघते, माझे टाके बघते, दूध पाजताना शेजारी बसते. कपडे धुते, बाथरूम घासते, दुपारचं खायला देते, आणि भेटायला आलेले लोक फार वेळ बसले तर उठवते. (आपल्या मावशीला उठवू शकेल का, शंका आहे.) ताशी पाच युरोंच्या आसपास आपण भरायचे, बाकीचं साध्या आरोग्यविम्यातून. श्रीमंतांची चैन नाही ही, सगळ्यांना मिळते. माणसं कमी पडतात म्हणून नाव मात्र दिवस राहिल्याबरोबर घालावं लागतं. बाबा, तुम्ही म्हणाल की सयाजीरावांनी 1906 साली अख्ख्या राज्यात शिक्षण सक्तीचं आणि फुकट केलं, त्यांना हेही सुचलं असतं. असतं बहुतेक.

एक गंमत. बाळंतिणीचा पलंग ठोकळे लावून 70 ते 80 सेंटिमीटर उंच करायचा, असा इथला नियम आहे. मला वाटलं, खाली शेगडी ठेवायला! तर नाही, वाकून वाकून त्या बाईची कंबर धरू नये म्हणून. दुसरी गंमत, बाळ बघायला येणाऱ्यांना टोस्टवर लोणी लावून साखरेतल्या बडीशेपेसारख्या गोळ्या देतात. त्यांना म्हणतात "उंदीर", दाण्याला देठाचं शेपूट असतं म्हणून. का देतात, तर म्हणे त्याने दूध येतं. तुझी बाळंतशोपाच की!

प्रसूतीच्या वर्गात शेजारी एक जपानी मुलगी बसते. त्यांच्यातही बाळंतपणाला आईकडे जायची रीत आहे, सातोगाएरी म्हणतात. तीही जात नाहीये, तिच्याही आईने "बरं" म्हणून विषय बदलला. एका चिनी मुलीची आई येऊन बसलीच आहे. महिनाभर थंड पाण्याला हात लावू देणार नाही म्हणते. आणि शिकागोची नीताताई आठव. तिथे 1993 च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी आणि मोठ्या कंपनीत असाल तरच. ती सातव्या आठवड्यात कामावर गेली. मामी नसती तर काय झालं असतं, देव जाणे.

इथेही सगळं छान नाही. दहाव्या दिवसानंतर ती बाई येत नाही. मिहीरला एक आठवडा पूर्ण पगारी सुट्टी आणि नंतर पाच आठवडे सत्तर टक्के पगारावर. माझी रजा सगळी मिळून 16 आठवडे, त्यातले सहा बाळ यायच्या आधीच संपतात. आपल्याकडे 2017 पासून 26 आठवडे आहेत. तुला जुन्या कायद्याचे बाराच मिळाले होते, ना? मला आजीकडे ठेवून तू कंपनीची बस पकडायचीस. दुपारी दूध दाटून ब्लाउज भिजायचा, म्हणून दिवसभर पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन बसायचीस, हे तू मला एकदाच सांगितलंस, मटार सोलताना. मी तेव्हा काहीच बोलले नाही. आणि ताराबेन? त्यांना ना बारा ना सव्वीस. सुवावडीनंतर, म्हणजे बाळंतपणानंतर, विसाव्या दिवशी त्या भांडी घासायला आल्या आणि आपण येऊ दिलं. हल्ली रात्री झोप लागत नाही तेव्हा हे आठवतं.

तर एप्रिलचं कारण हे आहे. तुमचा व्हिसा 90 दिवसांचा. ते दिवस मी जानेवारीच्या अंधारात घालवणार नाही. मी कामावर परत जाईन तेव्हा मला तुम्ही हवे आहात. बाळ तोवर हसायला लागेल. कामाठीबागेतल्या आगगाडीत मला सात वेळा बसवणारे बाबा त्याला किती वेळा फिरवतात, ते मला बघायचंय.

आता ऐका. व्हिसाचे कागद डिसेंबरातच काढा, प्रवासाच्या विम्यात हृदयाचं लपवू नका. बाबा, गोळ्या डबीत वारांप्रमाणे, "घेतल्या वाटतं" चालणार नाही. आई, डिंकाचे लाडू पाठवू नकोस, दुधातुपाचं काही इथे येऊ देत नाहीत. डिंक आणि सुंठ पाठव, तूप मी इथल्या लोण्याचं कढवीन. अळीव इथे मिळतात. हे लोक त्यांची कोवळी रोपं पावावर घालून खातात, खीर मीच करीन. गुटी नको, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मी गुटीवर वाढले आणि ठणठणीत आहे, मान्य, तरी नको. पाचवीला मी पाटावर कोरी वही आणि पेन ठेवणार आहे. त्याच सुमारास बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन तपासतात. सटवाई कपाळावर लिहील, हे टाचेवरून वाचतील.

इथून सामानाची लांबलचक यादी आलीय, त्यात गरम पाण्याच्या दोन धातूच्या बाटल्यासुद्धा आहेत. दुपटी नाहीत. तुझ्या मऊ झालेल्या हिरव्या साडीची चार शिव. हातानेच शिव, मशीनवर बसू नकोस, गुडघा वाकवायचा नाही.

तुमची,
मनी

ता. क. बाबा, आईचं वाचून झालं की चहा तुम्ही करा. साखर तिच्यात, तुमच्यात नाही.