पुडी रोजची की आठवड्याची?

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला 'डी' जीवनसत्त्वावरचा लेख वाचला. कोवळ्या उन्हात बसा, डी भरपूर घ्या नि व्हायरल विसरा म्हणे! अहो, कोवळ्या उन्हात डी बनवणारे यूव्हीबी किरण जवळपास नसतातच, त्याला दहा-अकरानंतरचं ऊन लागतं. त्या उन्हात माझी आत्या हर्णैच्या खळ्यावर चाळीस वर्षं सुकट वाळवत बसली, तरी सत्तरीत रिपोर्टात डी आलं १४, म्हणजे कमीच, कारण वय झालं की कातडीच कमी बनवते. डॉक्टरांनी डीची ६०,००० युनिटची पुडी दिली, आठवड्याला एक, आठ आठवडे.

इथपर्यंत ठीक होतं. मग मागच्या पावसात वाडीत डेंगीचे पेशंट निघाले आणि तुमच्याच पेपरात 'इम्युनिटीसाठी रोज डी' असं छापून आलं. आत्याने ते कात्रण देवाच्या फोटोमागे ठेवलं नि पुडी रोज सुरू केली, वर कॅल्शियमच्या गोळ्या. मेडिकलवाला चिठ्ठी न बघता देत राहिला. दिवसाला ६०० ते ८०० युनिट पुरतात, म्हणजे एका पुडीत पंचाहत्तर ते शंभर दिवसांचा कोटा, आणि ही रोज एक! दोन महिन्यांत उलट्या, पोट साफ नाही, सारखी तहान, रात्रभर लघवीच्या फेऱ्या आणि एका सकाळी मलाच विचारते, "तू कुणाचा रे?" रत्नागिरीला नेली तर रक्तात कॅल्शियम १३.८, म्हणजे फारच वर, किडनीवर सूज, सहा दिवस सलाईन.

तिथल्या डॉक्टरांनी समजावलं की डी नावाला जीवनसत्त्व, काम हार्मोनचं. लिव्हर नि किडनीत बदल होऊन ते आतड्यातून कॅल्शियम ओढतं, जास्त झालं की ओढतच राहतं. पांढऱ्या पेशी पण ते वापरतात हे खरं, पण म्हणून जितकं जास्त तितकी इम्युनिटी असं नाही ना. २०१७ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २५ ट्रायल एकत्र करून बघितल्या, त्यात सर्दी-खोकला, फ्लू असल्या आजारांत थोडा फायदा दिसला, तोही मुख्यतः ज्यांचं डी फार कमी त्यांना आणि रोज किंवा आठवड्याला बेताने घेतलं तर, एकदम मोठा डोस ओतून नाही. डेंगीचं तर त्यात नावच नाही. हे दोन ओळीत छापायला जागा नव्हती, पण लेखाच्या खालीच डीच्या गोळ्यांची पाव पान जाहिरात, तिला बरी जागा मिळाली!

आणि पेपर आमच्याकडे दुपारी साडेबाराला येतो, पावसात तर लगदाच हातात पडतो, त्याचंही जमलं तर बघा.

बाकी डेंगी आत्याला झालाच नाही, मला झाला. त्यामुळे ती अजून म्हणते, "बघ, पुडीनंच वाचले." कालचा लेखही तिने कापून ठेवलाय.

आपला,
एक जुना वर्गणीदार, हर्णै